नेमके आणि तेवढेच : एनएबीएलची वाटचाल

नॅशनल ॲक्रेडिटेशन बोर्ड फॉर टेस्टिंग अँड कॅलिब्रेशन लॅबोरेटरीज, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली एनएबीएल, ही संस्था स्वतः काहीच तपासत नाही. काँक्रीटचे क्यूब फोडणारे यंत्र किंवा रक्तातली साखर मोजणारे उपकरण तिच्याकडे नाही. देशातल्या ज्या प्रयोगशाळा ही कामे करतात त्यांना ती नीट करता येतात का हे पाहायचे, आणि येत असतील तर तसे जाहीरपणे सांगायचे, एवढेच तिचे काम आहे. अशा संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, अध्यक्ष आणि वाढत गेलेले आकडे यांचा क्रम लावणे सोपे असते, पण त्यातून तिचे मोल कळत नाही. कारखान्याच्या खरेदी विभागापासून उच्च न्यायालयापर्यंत एनएबीएलच्या शब्दाला वजन का आले, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, या संस्थेने आपला शब्द लहान ठेवला म्हणून त्याला वजन आले. ‘ही प्रयोगशाळा चांगली आहे’ असे ती कधीच म्हणत नाही. ‘या पत्त्यावरच्या प्रयोगशाळेला अमुक पदार्थातला अमुक घटक, अमुक पद्धतीने, इतक्या मर्यादेत मोजता येतो,’ असे म्हणते आणि थांबते. गेल्या चार दशकांत जिथे जिथे हा शब्द त्याच्या मापापेक्षा ताणला गेला, तिथे गोंधळ झाला. जिथे तो मापात वाचला गेला, तिथे मोठमोठे वाद मिटले. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रयोगशाळांना अशी अधिस्वीकृती देण्याची कल्पना आपल्याकडे जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला शस्त्रसामग्री स्वतः बनवावी लागली, आणि ती तपासण्यासाठी भरवशाच्या प्रयोगशाळा देशात पुरेशा नाहीत हे तेव्हा उघड झाले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, तिथे नाटा ही जगातली पहिली राष्ट्रीय अधिस्वीकृती संस्था उभी राहिली. पुढे व्यापाराने ही गरज जगभर पसरवली. माल एका देशात तपासून निघायचा आणि दुसऱ्या देशाच्या बंदरात पुन्हा तपासला जायचा; दोन अहवाल जुळले नाहीत तर कोणाचा खरा, हे ठरवायला तिसरा कोणी नसायचा. १९७७ मध्ये कोपनहेगनला याच प्रश्नावर परिषद भरली आणि तिच्यातून पुढे आयलॅक ही आंतरराष्ट्रीय संघटना वाढली. प्रयोगशाळांच्या सक्षमतेचे पहिले आंतरराष्ट्रीय निकष ‘आयएसओ गाइड २५’ या नावाने १९७८ मध्ये आले. भारतात त्या काळी तपासणीची व्यवस्था नव्हती असे नाही. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ पासून होती, निर्यातीच्या मालाची गुणवत्ता पाहण्यासाठी १९६३ चा कायदा होता, रेल्वे, संरक्षण, बांधकाम या खात्यांच्या स्वतःच्या याद्या होत्या. अडचण होती ती याच याद्यांची. एका खात्याला चालणारी प्रयोगशाळा दुसऱ्याला चालत नसे, कारण प्रत्येकाने आपल्यापुरती पाहणी केलेली असे आणि ती पाहणी कशी केली हे दुसऱ्याला ठाऊक नसे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने परीक्षण आणि कॅलिब्रेशनच्या सुविधांचा राष्ट्रीय पातळीवर मेळ घालण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आजच्या एनएबीएलचे मूळ त्या कार्यक्रमात आहे. हे काम वाणिज्य किंवा उद्योग खात्याऐवजी विज्ञान खात्याकडे गेले, याचा ठसा संस्थेच्या स्वभावावर कायमचा उमटला. विज्ञान खात्यातल्या माणसांनी सुरुवात ‘माल चांगला की वाईट’ या प्रश्नापासून केली नाही. मोजमाप कशावर उभे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. प्रयोगशाळेतला तराजू बरोबर आहे हे वजनांच्या संचावरून ठरते, तो संच बरोबर आहे हे त्याहून अचूक वजनांवरून, आणि ही साखळी वर चढत चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोचते. देशाचा प्रमाण किलोग्रॅम, आंतरराष्ट्रीय प्रतिकृतींपैकी क्रमांक ५७, तिथेच जपलेला आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर गेली, तरी देशांतर्गत साखळीचे टोक तिथेच राहिले. किरणोत्साराच्या मापनाची साखळी मात्र मुंबईला येते. आयनकारी किरणांच्या मापनाची राष्ट्रीय मानके भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहेत, आणि कर्करुग्णाला दिला जाणारा किरणांचा डोस मोजणारी उपकरणे शेवटी त्यांच्याशी ताडून घ्यावी लागतात. या साखळीला प्रयोगशाळांच्या भाषेत ट्रेसेबिलिटी म्हणतात. साखळीची एक कडी जरी कागदावर दाखवता आली नाही, तरी त्यापुढचे सारे आकडे अधिस्वीकृतीच्या दृष्टीने निराधार ठरतात. १९९८ मध्ये एनएबीएलची स्वायत्त सोसायटी म्हणून नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी गाइड २५ ची जागा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाने घेतली. २००५ आणि २०१७ च्या आवृत्त्यांमधून बदलत आलेले हे मानक आजही परीक्षण आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांच्या तपासणीचा पाया आहे. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे वेगळे मानक आहे.

मानकाची कलमे वाचून हे काम डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून एक तपासणी जवळून पाहू. काँक्रीटचे क्यूब तपासणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत एनएबीएलचा असेसर, म्हणजे पाहणी करणारा तज्ज्ञ, आला की तो आधी जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यातून स्वतःच्या मर्जीने एक अहवाल उचलतो. त्यात लिहिलेले असते की १५० मिलिमीटर बाजूचे तीन क्यूब २८ दिवसांनी फोडले आणि त्यांची सरासरी इतकी आली. मग प्रश्न सुरू होतात. मूळ नोंदवही कुठे आहे? क्यूब आला त्या दिवशी त्याला कोणता क्रमांक दिला? अठ्ठावीस दिवस तो पाण्यात होता का, आणि पाण्याचे तापमान कोणी नोंदवले? कोणत्या यंत्रावर फोडला, त्या यंत्राचे कॅलिब्रेशन कधी झाले, कोणी केले, आणि ज्याने केले त्याच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यतेच्या यादीत, इतका भार येतो का? भार वाढवण्याचा वेग दर मिनिटाला दर चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन असायला हवा, तो तसा ठेवला जातो हे कशावरून? तिन्हींपैकी एक क्यूब सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त दूर गेला असता तर काय केले असते? शेवटी, ज्याने ते यंत्र चालवले त्याला बोलावून त्याच्या हातून तीच चाचणी समोर करून घेतली जाते. चुकले तिथे एनसी, म्हणजे विसंगती, लिहून दिली जाते आणि ती मुदतीत दुरुस्त केल्याचा पुरावा द्यावा लागतो. एवढे सगळे पार पडल्यावर प्रयोगशाळेच्या स्कोपमध्ये एक ओळ येते : कोणते साहित्य, कोणती चाचणी, कोणती पद्धत, किती मर्यादेत. शंभर चाचण्यांसाठी शंभर ओळी. पुण्याच्या पत्त्यावर मिळालेल्या ओळी नागपूरच्या शाखेला लागू होत नाहीत.

यावर पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा, की हा सगळा कागदांचा खेळ आहे. नोंदी सजवून ठेवता येतात, असेसर येणार हे आधी माहीत असते, आणि तो गेल्यावर सारे पूर्ववत होते. यात तथ्य आहे आणि ते नाकारणे संस्थेच्याच हिताचे नाही. कागदाला उत्तर कागदाने देता येत नाही, म्हणूनच या पद्धतीत प्रावीण्य चाचणी आहे. एकाच नमुन्याचे भाग अनेक प्रयोगशाळांना पाठवले जातात आणि प्रत्येकीने आपला आकडा स्वतंत्रपणे कळवायचा असतो. सर्वांच्या आकड्यांशी तुलना करून प्रत्येक प्रयोगशाळेचा झेड स्कोअर काढला जातो. तो उणे दोन ते अधिक दोन या पट्ट्यात असला तर ठीक. दोन ते तीनच्या दरम्यान गेला तर शंका. तीनच्या बाहेर गेला तर निकाल असमाधानकारक, आणि कारण शोधावे लागते. हा आकडा भिंतीवरच्या गुणवत्ता धोरणाकडे किंवा नीटनेटक्या फाइलींकडे पाहत नाही. ज्या प्रयोगशाळांत प्रावीण्य चाचणीचा नमुना इतर नमुन्यांसारखाच रांगेत लावतात आणि रोजच्याच माणसाकडून करून घेतात, तिथे ही पद्धत खरोखर काम करते. ज्या प्रयोगशाळा त्यासाठी सर्वांत अनुभवी माणूस राखून ठेवतात आणि चाचणी तीनतीनदा करतात, त्या स्वतःचीच फसवणूक करून घेतात. असेसरनी नोंदवहीतून हे पकडायला हवे आणि अनुभवी असेसर ते पकडतातही. माझ्या मते या देशातल्या अधिस्वीकृतीचा कस येत्या काळात कलमांपेक्षा प्रावीण्य चाचण्यांच्या प्रामाणिकपणावरच लागणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक मुळाचा आहे. प्रयोगशाळेला एनएबीएल तपासते, मग एनएबीएलला कोण तपासते? उत्तर असे की तिच्यासारख्याच इतर देशांच्या संस्था. अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेने कसे वागावे यासाठी आयएसओ/आयईसी १७०११ हे स्वतंत्र मानक आहे, आणि परदेशी संस्थांतले जाणकार ठरावीक मुदतीने येऊन एनएबीएलचे कामकाज तपासतात. त्यांचे प्रतिनिधी असेसरच्या मागे प्रत्यक्ष प्रयोगशाळेत उभे राहून तो काय विचारतो आणि काय सोडून देतो हे पाहतात. २ नोव्हेंबर २००० रोजी वॉशिंग्टनमध्ये २८ अर्थव्यवस्थांमधल्या ३६ अधिस्वीकृती संस्थांनी आयलॅकच्या परस्पर मान्यता करारावर सह्या केल्या. एनएबीएल २००० पासूनच या व्यवस्थेत आहे. या सहीमुळे भारतातल्या अधिस्वीकृत प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या देशात पुन्हा तपासणी न करता स्वीकारण्याचा आधार तयार झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारातही अधिस्वीकृतीकडे सक्षमतेचा पुरावा म्हणून पाहिलेले आहे. कोणी म्हणेल की हे एकमेकांची पाठ थोपटणे झाले. सगळे सभासद, सगळेच परीक्षक. पण इथे हितसंबंध उलट्या दिशेने ओढतात. एका सभासदाने ढिलाई केली तर त्याच्या देशातले चुकीचे अहवाल बाकीच्यांच्या बंदरांत येऊन पडतात. त्यामुळे शेजाऱ्याची ढिलाई झाकून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. व्यवस्था निर्दोष नाही, पण तिच्यात डोळे उघडे ठेवण्याचे कारण प्रत्येकाकडे आहे.

प्रमाणन संस्थांची कथा याच्या बाजूने चालते. कारखान्याच्या फाटकावर आयएसओ ९००१ चा जो फलक दिसतो, तो प्रमाणन संस्था देते. त्या प्रमाणन संस्थेला अधिस्वीकृती देण्याचे काम भारतात एनएबीसीबीचे आहे. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि असोचेम, सीआयआय, फिक्की या उद्योग संघटनांच्या भागीदारीतून स्थापन झाली आणि एनएबीसीबी हे तिचेच मंडळ आहे. त्याआधी भारतात काम करणाऱ्या प्रमाणन संस्थांना परदेशी अधिस्वीकृतीचा आधार शोधावा लागे. प्रमाणन आणि परीक्षण यांतला फरक इथे नीट ध्यानात ठेवायला हवा. आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र असलेली प्रयोगशाळा आपला कारभार शिस्तीने चालवते एवढेच कळते. तिने काढलेला शिशाचा आकडा बरोबर आहे का, याविषयी ते प्रमाणपत्र गप्प असते. सक्षमतेचा प्रश्न फक्त १७०२५ विचारते. अनेक निविदांमध्ये अजूनही ‘आयएसओ प्रमाणित प्रयोगशाळा’ असे लिहिलेले आढळते, आणि त्या एका ओळीमुळे नको त्या प्रयोगशाळेला काम जाते.

२०१६ मध्ये एनएबीएल क्वालिटी कौन्सिलमध्ये समाविष्ट झाली. विज्ञान खात्याच्या छायेत वाढलेली संस्था उद्योग संघटना भागीदार असलेल्या छत्राखाली गेली, तेव्हा हितसंबंधांचा प्रश्न पुढे येणे साहजिक होते. शिवाय प्रयोगशाळाच एनएबीएलला फी भरते. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला नापास कसे करणार? या शंकेकडे दोन स्तरांवर पाहावे लागते. परीक्षेची फी विद्यार्थीच भरतो, पण निकालावर ती फी अवलंबून नसते. तसेच इथेही अर्ज नाकारला म्हणून घेतलेली फी परत जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रयोगशाळेची पाहणी करणारा असेसर आणि अधिस्वीकृती द्यायची की नाही हे ठरवणारी समिती वेगळी असते, असेसर बहुतांशी बाहेरचे शास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि तंत्रज्ञ असतात, आणि जिथे त्यांनी सल्ला दिला तिथे त्यांना पाहणीला जाता येत नाही. संस्थेला स्वतःला सल्लागारीचा धंदा करण्याची मनाई आहे. दुसऱ्या स्तरावर मात्र शंका जिवंत राहते आणि राहावी. अधिस्वीकृत प्रयोगशाळांची संख्या हेच यशाचे माप मानले जाऊ लागले की अर्ज नाकारण्याची हिंमत हळूहळू कमी होते. वार्षिक अहवालांत नव्याने मान्यता मिळालेल्यांचा आकडा ठळकपणे येतो. निलंबित झालेल्या आणि मान्यता काढून घेतलेल्या प्रयोगशाळांचा आकडा तितक्याच ठळकपणे, कारणांसह यावा, अशी मागणी प्रयोगशाळांच्या जगानेच करायला हवी. संस्थेच्या स्वातंत्र्याचा तो सर्वांत सोपा पुरावा ठरेल.

शब्द लहान ठेवण्याने काय साधते, याचे ठळक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट २०१५ च्या निकालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी नूडल्सवर देशभर बंदी घातली होती. शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचे कारण दिले होते. मर्यादा होती दहा लाख भागांत अडीच भाग. न्यायालयाने कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नाही हे जसे पाहिले, तसेच ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी आधारलेली होती त्यांच्याकडेही पाहिले. अन्नसुरक्षा कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार तपासणी एनएबीएल किंवा तत्सम संस्थेची अधिस्वीकृती असलेल्या आणि प्राधिकरणाने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेत व्हायला हवी. न्यायालयाला आढळले की त्या प्रयोगशाळा अधिस्वीकृत नव्हत्या, किंवा त्यांच्याकडे या पदार्थातले शिसे तपासण्याची अधिस्वीकृती नव्हती. म्हणून त्यांच्या निकालांवर विसंबता येणार नाही. बंदी रद्द झाली, आणि नमुने मोहाली, हैदराबाद व जयपूर इथल्या तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांत नव्याने तपासण्याचा आदेश निघाला. ते नमुने मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, एवढ्यावर न्यायालय थांबले नाही. या पदार्थातले शिसे मोजण्यासाठी तिला मान्यता आहे का, असे त्याने विचारले, म्हणजे स्कोपमधली ओळ वाचली. अनेकांना वाटले की एका तांत्रिक मुद्द्यावर बलाढ्य कंपनी सुटली. मला हे पटत नाही. तो तांत्रिक मुद्दा पहिल्याच दिवशी सांभाळला असता आणि शिसे खरोखर जास्त निघाले असते, तर कोणत्याही कंपनीला त्या अहवालासमोर उभे राहता आले नसते. अचूक स्कोप हे ग्राहकाचेच हत्यार आहे; ते नीट न धरता उगारले, म्हणून हातातून निसटले.

द्राक्षांची गोष्ट या मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते, आणि नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागाइतदारांना ती चांगलीच ठाऊक आहे. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि निर्यातीवर संकट आले. त्यानंतर शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने अवशेष तपासणीची योजना उभी केली. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली, एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा निवडल्या गेल्या, आणि ग्रेपनेट या नोंदणी-व्यवस्थेमुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. बागेतून नमुना प्रयोगशाळेचाच माणूस घेऊन जातो, ही त्यातली कळीची गोष्ट. बागाइतदाराने निवडून दिलेल्या घडांवर भिस्त ठेवायची वेळ येत नाही. ही व्यवस्था चांगली चालत असतानाच २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. बागाइतदार त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात राहावी आणि डोळ्यांत घड तयार व्हावेत म्हणून ते फवारले जाई. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक होती. माल अडकला, परत आला, शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. प्रयोगशाळांनी चुकीचे आकडे दिले होते का? नाही. ज्या रसायनांची यादी त्यांना दिली होती, त्यात सीसीसी नव्हते. जे विचारले त्याचे उत्तर बरोबर होते. जे विचारायला हवे होते ते यादीत नव्हते. नंतर ते यादीत आले. अधिस्वीकृती निष्फळ ठरली, असा ओरडा त्या वेळी झाला, पण दोष उत्तरात नव्हता, प्रश्नपत्रिकेत होता. कोणते रसायन शोधायचे हे ठरवणे शेतीशास्त्राचे, निर्यात यंत्रणेचे आणि बागेत प्रत्यक्ष काय फवारले जाते हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांचे काम आहे. ते काम अधिस्वीकृतीच्या चिन्हावर सोपवले, की असा घाटा ठरलेला.

मार्च २०२० मध्ये एनएबीएल हे नाव पहिल्यांदाच घराघरांत पोचले. कोविडच्या तपासणीसाठी खासगी प्रयोगशाळांना परवानगी देताना आयसीएमआरने आरएनए विषाणूंच्या रिअल-टाइम पीसीआर चाचणीसाठी एनएबीएल मान्यतेची अट घातली. त्या घाईच्या दिवसांत ही अट जाचक आहे, त्यामुळे तपासण्यांची संख्या वाढत नाही, अशी टीका झाली. टीकेमागची कळकळ खरी होती. तरीही अट योग्य होती असे मी मानतो, कारण पीसीआरमध्ये दूषित झालेला एक नमुना शेजारच्या अनेक नमुन्यांना पॉझिटिव्ह ठरवू शकतो आणि निष्काळजी प्रयोगशाळेचा निगेटिव्ह अहवाल घेऊन माणूस कुटुंबात परततो. त्या साथीने एक जुना प्रश्न मात्र उघडा केला : मूळची ऐच्छिक असलेली ही व्यवस्था एकेका नियमाने सक्तीची होत चालली आहे. अन्नाची तपासणी, जलजीवन मिशनमधल्या पाण्याच्या प्रयोगशाळा, सरकारी बांधकामाच्या निविदा, सगळीकडे ही अट येते आहे. तालुक्याच्या गावात दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या पॅथॉलॉजी लॅबला आयएसओ १५१८९ चा पूर्ण भार पेलत नाही. उपकरणांचे कॅलिब्रेशन, प्रावीण्य चाचण्यांची वर्गणी, कागदपत्रांसाठी लागणारा माणूस, हा खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात येतो. २०१९ मध्ये एनएबीएलने लहान वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी प्रवेश-स्तराची योजना आणली. मोजक्या मूलभूत अपेक्षा आधी पूर्ण करायच्या आणि मग वर चढायचे, ही तिची दिशा योग्य आहे. पण प्रवेश-स्तर आणि पूर्ण अधिस्वीकृती यांतला फरक रुग्णाला दिसला नाही, तर लहान ठेवलेला शब्द पुन्हा फुगेल. तेव्हा हा फरक अहवालावरच, वाचता येईल अशा अक्षरांत असायला हवा.

शेवटचा आक्षेप खोटेपणाचा. पूर्ण अधिस्वीकृत प्रयोगशाळेतही कंत्राटदाराने वेगळे, जास्त सिमेंट घातलेले क्यूब आणून दिले तर अहवाल उत्तम येतो आणि पूल मात्र कच्चा राहतो. हे खरे आहे, आणि अशा अहवालावर ‘निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता’ असे लिहिलेलेही असते. ते वाक्य जबाबदारी झटकण्यासाठी नाही. ती प्रयोगशाळेच्या शब्दाची खरी सीमा आहे. १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीने नमुना घेण्याचे कामही प्रयोगशाळेच्या कामांत स्पष्टपणे धरले आहे. सार्वजनिक बांधकामात नमुना कोण घेतो हे महत्त्वाचे मानायचे असेल, तर द्राक्षांप्रमाणे तिथेही नमुना घेण्याची जबाबदारी तपासणाऱ्याकडे देता येईल; मानकात तशी सोय आहे, निविदेत ती मागणारी ओळ मात्र क्वचित दिसते. अधिस्वीकृत प्रयोगशाळा अहवालावर छापतात त्या आपल्या चिन्हाच्या गैरवापरावर एनएबीएलने काही ठोस उपाय केले आहेत. प्रमाणपत्राच्या क्रमांकाआधी परीक्षणासाठी टीसी, कॅलिब्रेशनसाठी सीसी, वैद्यकीयसाठी एमसी अशी अक्षरे असतात. चिन्ह छापलेल्या परीक्षण अहवालाला यूएलआर हा स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. आणि कोणत्याही प्रयोगशाळेचा स्कोप संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. फक्त तो इंग्रजीत असतो आणि तज्ज्ञाच्या भाषेत. एकाच प्रयोगशाळेत काही चाचण्या स्कोपमधल्या आणि काही बाहेरच्या असतात, आणि बाहेरच्या चाचण्या अहवालात वेगळ्या दाखवणे बंधनकारक असते. बहुतेकदा त्यासाठी नावाशेजारी एक छोटी फुली येते आणि तिचा अर्थ पानाच्या तळाशी बारीक टाइपात. व्हिटॅमिन डी किंवा थायरॉइडचा आकडा वाचणारा रुग्ण त्या तळापर्यंत जात नाही. तो वर छापलेले चिन्ह पाहतो आणि सगळेच मान्य आहे असे समजतो. म्हणून फुलीऐवजी त्या चाचणीसमोरच ‘एनएबीएल मान्यतेबाहेर’ असे मराठीसह राज्याच्या भाषेत छापण्याचा नियम यावा. त्याला ना नवे मानक लागेल ना आंतरराष्ट्रीय करारात बदल; एक परिपत्रक आणि प्रयोगशाळांच्या सॉफ्टवेअरमधला एक रकाना पुरेल.